इंदूबाईचा पाहणी दौरा

दोन हजार सहा साली यवतमाळ जिल्ह्यात कापूस जेमतेम आला, पाहणी पथकं मात्र भरघोस आली. दिल्लीची आली, मुंबईची आली, पुण्याची तर दर पंधरा दिवसांनी आली. नेर तालुक्यातलं सावरखुटा हे गाव त्यांना विशेष आवडलं. संकट होतं आणि मोठ्या रस्त्यापासून फक्त तीन किलोमीटरवर होतं. संकट पाहायला आलेल्या माणसाची गाडी फसू नये म्हणून त्या तीन किलोमीटरवर डांबरही पडलं, पण एकाच गाडीपुरतं. समोरून दुसरी गाडी आली की एकाला चाक खाली काळ्या मातीत घालावं लागे. हा एक म्हणजे गावातला, हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आपोआप समजलं होतं.

रस्ता गावात शिरतो तिथलं पहिलं घर पुंडलिकराव गावंडे यांचं. दारात कडुनिंबाची सावली, मागे पक्की मोरी, आणि बायकोच्या हाताला चहाची चव. एवढ्या गुणांवर ते घर सरकारी कागदात 'प्रातिनिधिक कुटुंब' झालं. प्रातिनिधिक म्हणजे काय, असं इंदूबाईनं सुनेला विचारलं. सून अपेक्षा डी.एड. झालेली. ती म्हणाली, "आई, म्हणजे साऱ्या गावाच्या वाट्याचा चहा आपण करायचा."

पुंडलिकरावांचं काम त्याहून सोपं होतं. त्यांनी दारातल्या बाजेवर बसायचं. दोन वर्षांपूर्वी एका फोटोग्राफरनं त्यांचा तसा फोटो काढला होता: गालावर हात, नजर जमिनीत, मागे पडकी भिंत. तो फोटो कुठंकुठं छापून आला. खाली कधी 'हताश', कधी 'उद्ध्वस्त' असं लिहिलेलं असे. एका शहरात तर तो भिंतीएवढा मोठा करून लावला होता म्हणे. त्या दिवशी पुंडलिकरावांची दाढ दुखत होती. पुढे ती नेरला जाऊन काढून टाकली, तेव्हापासून येणाऱ्या पथकांची थोडी निराशा होऊ लागली.

इंदूबाईची काही तक्रार नव्हती. आल्यागेल्याला चहा देणं हे काही संकट नाही. शिवाय प्रत्येक जण जाताना हात जोडून म्हणे, "मावशी, या कधी आमच्याकडे," आणि आपलं कार्ड देई. ती कार्डं ती डालड्याच्या रिकाम्या डब्यात ठेवत गेली. वऱ्हाडात चहा पिऊन उठलेला माणूस 'या' म्हणाला, तर बोलावणं पक्कं झालेलं असतं, फक्त वार ठरायचा राहतो. शहरात तो शब्द चपला घालता घालता म्हणतात, हे इंदूबाईला सांगणारं कोणी नव्हतं.

भाद्रपदात एक पथक आलं. त्यातली एक बाई बत्तीस प्रश्नांचा कागद घेऊन बाजेवर बसली. घरात माणसं किती, बल्ब किती, बैल किती. सत्ताविसाव्या प्रश्नानंतर ती न विचारताच एक फुली मारून एकोणतिसाव्यावर गेली. इंदूबाई चौथी शिकलेली होती, पण फुली कळायला चौथीही लागत नाही. तिनं अठ्ठाविसावा काय होता ते विचारलं. बाईनं वाचून दाखवलं: गेल्या पाच वर्षांत कुटुंबानं पर्यटनासाठी प्रवास केला आहे काय?

"मले तं इचारलंच नाही तुम्ही."

"मावशी, ते समजतंच ना," बाई गोड हसून म्हणाली.

ती बाई चहा पिऊन, कार्ड देऊन, या म्हणून निघून गेली. दिवेलागणीला इंदूबाईनं डालड्याचा डबा अपेक्षापुढं उपडा केला आणि यातलं कोण कुठं राहतं ते वाचून दाखव म्हणाली.

पुढचे आठ दिवस गावंड्यांच्या ओसरीत जे चाललं होतं त्याला नियोजन म्हणायला हरकत नाही. पथकानं विसरलेला एक कोरा फॉर्म होता. त्याच्या पाठीवर अपेक्षानं शाळेचा नकाशा समोर ठेवून महाराष्ट्र काढला. तो थोडा पोट सुटल्यासारखा आला. जिथं मुक्काम तिथं इंदूबाईनं तुरीचा दाणा ठेवला, जिथं नुसता चहा तिथं सरकी. नेरहून निघून परतवाडा, कारण तिथं जंगलाचा अभ्यास करणारे एक सर होते. मग मेळघाट, अकोट, अकोला, नाशिक. नाशिकला पत्रकार. मग कसारा घाट उतरून समुद्र. समुद्रावर रेवदंड्याचं एक कार्ड होतं. मग महाडवरून घाट चढून महाबळेश्वर, तिथून पुणं. पुण्यात तुरीचा दाणा एक आणि सरक्या इतक्या झाल्या, की कोपऱ्यात जागा उरली नाही.

पुंडलिकराव बाजूला बसून पाहत होते. जंगलाच्या दाण्यावर बोट ठेवून म्हणाले, "जंगल कायले पाहाले जाचं? तुह्या माहेरी झरीले काय कमी हाय जंगल?"

"तिथी आपण सरपणाले जातो. पाहाले कधी गेलतो?"

पुंडलिकरावांनी बोट उचलून घेतलं.

सात दिवस का, तर सातच होते. दसरा झाला की निंदण-डवरण सरतं आणि बोंडं अजून पुरती उकललेली नसतात. त्या दोन्हींच्या मध्ये एक आठवडा असा येतो की शेताला फक्त राखण लागते, माणूस लागत नाही. त्यानंतर घरच्या बाईनं सीतादही करायची: पहिल्या फुटलेल्या झाडाखाली सात खडे मांडून त्यांना दहीभात वाहायचा. मग कापूस वेचायला लागायचं, ते थेट संक्रांतीपर्यंत. म्हणजे वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांत इंदूबाईचे सात. मुलगा अमर राखणीला मचाणावर राहायला तयार झाला. पैसा कुठून आणला, असं गावानं तीनदा विचारलं. म्हशीची वगार विकली होती, पण इंदूबाईनं तिन्ही वेळा सांगितलं की पथकाच्या चहात साखर कमी टाकली.

गाडी सेवादासची ठरली. सेवादास तांड्यावरचा, नेर-यवतमाळ रस्त्यावर काळीपिवळी चालवायचा. या दौऱ्यासाठी त्यानं दिग्रसच्या साळ्याची पांढरी ट्रॅक्स आणायचं कबूल केलं. घाटातले रस्ते माहीत आहेत का, विचारल्यावर तो छाती पुढे काढून म्हणाला की सगळे पाठ आहेत. लहानपणी मायबापासोबत ऊसतोडीला जायचा, ट्रकच्या मागच्या फळीला धरून. "फक्त काकू, मी सारे रस्ते उलटे पाह्यले. वापस येतानी चुकणार नाही."

चौथी सवारी मानीबाई. तिचं घर इंदूबाईच्या घराला लागून. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हापासून इंदूबाईकडचा चहा झाला की पथक तिच्या दारात जाई आणि ती कहाणी सांगे. कसं झालं, कधी कळलं, शेवटचं काय बोलले. तिनं ती इतक्यांदा सांगितली होती की आता सांगताना ती रडत नसे, समोरच्याचं लिहून होईपर्यंत थांबत असे. दौऱ्याचं कळल्यावर ती येऊन नकाशाशी बसली आणि एकच गोष्ट विचारली. "तिकडं मले कोणी इचारणार नाही ना वं, कसं झालं म्हून?"

इंदूबाईनं रेवदंड्यावर दुसरा तुरीचा दाणा ठेवला.

पत्रं अपेक्षानं लिहिली. अकरा पोस्टकार्डं, मजकूर एकच. 'आपण आमच्या घरी येऊन गेलात व या म्हणालात. त्याप्रमाणे आम्ही चार माणसं व ड्रायव्हर अमुक वारी येत आहो. चहा पुरे. साखर कमी चालेल.' शेवटी इंदूबाईच्या सांगण्यावरून एक ओळ: 'आपल्या घरात माणसं किती व बल्ब किती, ते विचारू. तयारीत असावे.'

अकरांपैकी चार उत्तरं आली. परतवाड्याचे सर परिषदेला बाहेर होते. एकानं कळवलं की आपलं पत्र पुढील कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठवलं आहे. नाशिकच्या पत्रकारानं, दौऱ्यामागची व्यथा दोनशे शब्दांत कळवा, असं लिहिलं. चौथं उत्तर रेवदंड्याच्या केतकीचं. केतकी म्हणजे वैशाखातल्या पथकातली सगळ्यात लहान मुलगी, फक्त फॉर्म मोजायला आलेली. तेवढी एक चहा पिऊन कप मोरीत नेऊन धुऊन गेली होती. तिनं लिहिलं होतं: 'या. घर लहान आहे. भरती-ओहोटीच्या वेळा पाहून ठेवल्या आहेत.'

इंदूबाईनं चारही पत्रं नीट ऐकली. मग नकाशावरच्या सरक्या एकेक करून वेचल्या आणि बैलाच्या गव्हाणीत टाकल्या. अपेक्षानं भीत भीत विचारलं, आता जायचं की नाही?

"काहून नाही? रस्ता काय त्यायच्या कार्डावर बांधला हाय?"

आता आडवं यायला उरलं गाव. गावातर्फे सरपंच बापूजी आले. बापूजी माणूस वाईट नव्हता. डांबर पथकांमुळे आलं, आता पाण्याची टाकीही त्यांच्यामुळेच येईल, असा त्यांचा हिशेब होता आणि तो चुकीचा म्हणता आला नसता. अडचण अशी, की वरचं एक मोठं पथक नेमक्या त्याच आठवड्यात, गुरुवारी येत होतं. त्यांनी 'फोटोतलं घर' असं लेखी मागितलं होतं. बापूजींनी आधी विनवलं, मग समजावलं, मग लोक काय म्हणतील ते सांगितलं. लोकांचं म्हणणं असं होतं, की संकटातल्या माणसानं फिरायला जाणं शोभत नाही, त्यात सून न्यावी हे जास्त, आणि मानीबाईला समुद्र दाखवणं तर फारच झालं.

"वैनी, गावाची इज्जत हाय."

"बापूजी, इज्जत माह्या चुलीवर काहून ठेवली सगळ्या गावानं? एखादा कप तुमच्या घरी होऊ द्या."

"त्यायले फोटोतला माणूस पाह्यजे."

"माणूस माहा हाय."

इथं इंदूबाईचा आवाज जरा घाईनं आला, कारण माणसाचं तिला नक्की नव्हतं. समुद्र तिला या माणसासोबत पाहायचा होता. बापूजी जाताना बाजेवर दहा मिनिटं बसून गेले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुंडलिकराव म्हणाले, तुम्ही जा, मी थांबतो. डुकरं फार झाली, अमर एकटा पुरणार नाही.

तेहतीस वर्षांच्या संसारात इंदूबाई नवऱ्याशी भांडली नव्हती असं नाही, पण यावेळी ती भांडली नाही. तिनं त्यांच्या कपड्यांची घडी पिशवीतून काढून बाजेच्या उशाशी ठेवली. "ठीक हाय," एवढंच म्हणाली. "केतकीनं वेळ पाहून ठेवली. मी काही तिले खोटं पाडणार नाही." पुंडलिकराव दिवसभर त्या घडीकडे पाठ करून बसले.

बुधवारी दुपारी पथकाचा एक माणूस आगाऊ तयारीला आला. क्षितिज नाव, गळ्यात ओळखपत्र, हातात तो प्रसिद्ध फोटो. त्यानं फोटो आणि घर ताडून पाहिलं. मध्यंतरी भिंत लिंपली गेली होती, म्हणून त्यानं बाज गोठ्याच्या पडक्या बाजूला न्यायला लावली. अमरची मोटरसायकल मागे लावायला सांगितली. मग पुंडलिकरावांना बसवून त्यांचा हात उचलला आणि गालावर ठेवला. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं, परत येऊन हात थोडा वर सरकवला.

"काका, त्या वेळी मनात काय चाललं होतं, ते आठवा."

पुंडलिकरावांनी प्रामाणिकपणे आठवलं. "दाढ."

"म्हणजे?"

"दाढ दुखून राह्यली होती. आता काढली ते." त्यांनी तोंड उघडून जागा दाखवली.

क्षितिज समजुतीच्या आवाजात म्हणाला, "काका, उद्या साहेबांसमोर हे नका सांगू. उद्या तोंड बंदच ठेवा."

पुंडलिकरावांनी हात गालावरून काढला. बाज उचलली, होती त्या जागी कडुनिंबाखाली नेऊन ठेवली. मोरीवर जाऊन पाय धुतले, तोंड धुतलं, चूळ भरली. मग घरात येऊन इंदूबाईला विचारलं, "माह्यं टेरिकॉटचं शर्ट कुठी ठेवलं तुनं?"

"जिथी तुम्ही पाठ करून बसले, तिथीच."

गुरुवारी पहाटे निघायचं होतं. सेवादास पहाटेऐवजी साडेनऊला आला. दिग्रसहून येताना तो, सवयीनं, दर फाट्यावर सवाऱ्या घेत आला होता. मानीबाई सहा वाजल्यापासून पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. पिशवीत एक लुगडं, तिळाच्या लाडवांचा डबा आणि रेशनकार्ड. समुद्रावर रेशनकार्ड कशाला, असं अपेक्षानं विचारलं. कोणी विचारलं तर असावं, म्हणाली. चार वर्षांत विचारण्याशी तिचा तसा संबंध आला होता. घराला कुलूप लागलं, आणि ते पाहायला दारादारांत माणसं उभी राहिली. बापूजी तिठ्यावर हार घेऊन उभे होते. हार पथकासाठी होता. ट्रॅक्स जवळून गेली तेव्हा त्यांनी तो उगीच या हातातून त्या हातात घेतला.

गावापासून दीड किलोमीटरवर, डांबराच्या बरोबर मध्यावर, समोरून तीन पांढऱ्या गाड्या आल्या.

हस्ताचा पाऊस दोन दिवसांपूर्वी झोडपून गेला होता. दोन्हीकडची काळी माती लोण्यासारखी झाली होती. पुढच्या गाडीनं हॉर्न दिला. तो रागाचा नव्हता, नेहमीचा होता. सेवादासचा हात नेहमीप्रमाणे आपोआप स्टेअरिंगवर फिरला आणि ट्रॅक्स डावीकडे कलू लागली.

"चाक खाली घालू नको," इंदूबाई म्हणाली.

"काकू, साहेब हाय."

"साहेब पाहाले आले ना? आपली फसलेली गाडी त्यायनं लई पाह्यली. आज त्यायची घालू दे."

सेवादासनं इंजिन बंद केलं. ही सूचना त्याला कोणी दिली नव्हती, पण ती त्याला मनापासून आवडली असावी, कारण किल्ली काढून त्यानं खिशातही टाकली. समोरून दुसऱ्यांदा हॉर्न आला, तिसऱ्यांदा आला. मग मागच्या गाडीतून क्षितिज धावत आला. आत पाहून त्याचा चेहरा असा झाला, की फोटोग्राफरनं तो सोडला नसता. फोटोतले काका खिडकीशी बसले होते, टेरिकॉटच्या शर्टात, आणि दाढेची मोकळी जागा दिसेपर्यंत हसत होते.

शेवटी साहेब स्वतः उतरले. त्यांचा एक बूट डांबरावर पडला आणि एक मातीत. मातीतला वर आला तेव्हा बराच जड झाला होता. सोबत फॉर्म घेऊन तीच भाद्रपदातली बाई. तिनं साहेबांना हळूच सांगितलं, की प्रातिनिधिक कुटुंब ते हेच. साहेबांनी नमस्कार करून विचारलं, की आम्ही तर तुमच्याकडेच निघालो आहोत, तुम्ही कुठं?

"तुमच्याकडे," इंदूबाई म्हणाली. "साहेब कुठचे?"

"पुण्याचा."

"पुणं कधी येते वं?" तिनं मागे वळून विचारलं. अपेक्षानं नकाशा उलगडून सहाव्या दिवशी असं सांगितलं.

"मंगळवारी येतो मंग. घराची किल्ली बापूजीपाशी देली. चहापत्ती दुसऱ्या डब्यात, साखर तिसऱ्या. झाल्यावर कप धुऊन ठेवाल." मग ती फॉर्मवाल्या बाईकडे वळली. "आन् बाई, अठ्ठावीस नंबरची फुली खोडा. होय लिहा. मले इचारलंच नव्हतं ना तुम्ही."

बाईनं साहेबांकडे पाहिलं. साहेब आपल्या बुटाकडे पाहत होते. इंदूबाई फुली खोडेपर्यंत थांबायला तयार होती, आणि सेवादासची किल्ली खिशातच होती. बाईनं पेन काढलं आणि खोडली.

मग ड्रायव्हर लोकांनी आपसात काही खुणा केल्या. पहिल्या पांढऱ्या गाडीनं चाक खाली घातलं, दुसरीनं घातलं, तिसरी घालता घालता अर्धी कलली आणि तशीच राहिली. वाट झाली. सेवादासनं इंजिन चालू केलं.

साहेबांना काहीतरी करणं भाग होतं. ते सवयीनं मागच्या खिडकीशी आले. तिथं मानीबाई पिशवी छातीशी धरून बसली होती. त्यांनी नरम आवाजात विचारलं, "आणि या ताई? यांची काय कहाणी?"

बाईनं कोरा कागद वर घेतला. इंदूबाई बोलायला वळली, पण मानीबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवून तिला थांबवलं. ती खिडकीतून थोडी बाहेर वाकली, आणि नेहमीसारखं, समोरच्याला लिहायला सोपं जावं म्हणून, सावकाश म्हणाली,

"मी मानीबाई. समुद्र पाहाले चालली."

पेन थांबलं. "आणि?" साहेबांनी विचारलं.

"आणि काही नाही," मानीबाई म्हणाली. "झालं तुमचं लिहून? मंग सरका जरा, भरतीची वेळ हाय आमची."